रिकामी कैची

या, असं इकडे सरकून बसा. पुरवणी हातात घेता, चित्रं पाहता अन् घडी घालून पोळ्यांच्या डब्यात टाकता... मले माहीत नाही का? मीही तेच करते. पण आजच्यापुरतं वाचा. आणि कोणाचं मोठं ऑपरेशन झालंय म्हणून भेटायला निघाला असाल, तर ती सफरचंदाची पिशवी घटकाभर खाली ठेवा. मीही अशीच पिशवी घेऊन गेले होते. परत येताना त्या बाईच्या घरून तिचा जीव उचलून आणला.

जुबेदा गेली. तिचे चाळीस दिवससुद्धा अजून व्हायचे आहेत. सकाळी मी तुरीची डाळ निवडत होते, तेव्हा तिच्या सुनेचा, शबानाचा फोन आला. "मौसी, अम्मी नहीं रही." मी म्हटलं, बरं. फोन ठेवला आणि ताटातली सगळी डाळ निवडून संपवली. मगच उठले. अशी बाई आहे मी, आधीच सांगून ठेवते.

अकोल्याच्या जुन्या शहरात आमचं माहेर आणि तिचं घर, मधे एक भिंत. तिचे अब्बा शिंपीकामातले नावाजलेले मास्टर. बंद गळ्याचा कोट शिवावा तर त्यांनीच. घरातल्या बायका काज करायच्या, बटनं लावायच्या, तुरपाई करायच्या. पण कापड कापायचं काम मर्दाचं. ती मोठी कैची बाईनं हाती धरायची नाही, असा रिवाज. जुबेदा दाराआडून बघायची आणि आमच्या घरी येऊन माझ्या बापाच्या जुन्या वर्तमानपत्रांवर विळीनं कोट कापायची. पुढे अब्बा वारले, भावांनी दुकान घेतलं, मशिनी घेतल्या. दांड्याला चिंधी गुंडाळलेली ती जुनी कैची मात्र कोणी मागितली नाही. ती हिनं घेतली. नवराही शिंपीच मिळाला. रशीदभाई स्वभावानं चांगला माणूस, पण कैचीच्या बाबतीत सासऱ्याचाच जावई. "तुम काज करो, बेगम." तीस वर्षं काज. तिचं म्हणणं एवढंच होतं, मरायच्या आधी एक कोट अथपासून इतिपर्यंत आपण कापायचा, आपण शिवायचा.

मग ती वर्षं आली. कपाशीनं आपल्या वऱ्हाडात काय केलं ते तुम्हाला मी काय सांगू? खेड्यांत लग्नं कमी आणि तेरव्या जास्त. कोट कोण शिवणार? एका गिऱ्हाइकानं मुलाच्या लग्नासाठी राखी रंगाचं गरम कापड आणून दिलं होतं. "कपाशी घरात येऊ दे आपा, मग शिवू," म्हणाला. तीन हंगाम गेले, लग्नही मोडलं. शेवटी म्हणाला, तुमच्या कामी आणा. तेव्हा तिला मी आठवले. आमचं वावर अमरावतीपासून तासाभरावर. थंडीत पहाटेच्या दवात कापूस वेचायला मी ह्यांचा उतरलेला शर्ट लुगड्यावर चढवून जायची. सगळ्याच जातात. तिला ते खुपायचं.

"उभी राय सरळ," टेप घेऊन म्हणाली. "पोट आत घेऊ नको. कोटापाशी पोटाचं खोटं चालत नाही."

"माय, मी काय नवरदेव हाओ?"

"नवरदेवाले एक दिवस घालाचा असते. तुले जन्मभर घालाचा हाये. बोलू नको, छाती फुगते."

खडूनं तिनं सगळ्या खुणा केल्या. रशीदभाई म्हणाले, मी कापून देतो. ती म्हणाली, मग तो तुमचा कोट होईल. आणि त्याच आठवड्यात तिच्या छातीत कळ आली.

नागपूरला नेलं. छातीचं हाड कापून आतलं काम केलं आणि हाड तारांनी बांधलं. डॉक्टर म्हणाले, तीन महिने वजन उचलू नका, पण बोटं चालवत राहा. आम्ही पहिलं वाक्य पाठ केलं. दुसरं तिनं.

मी भेटायला गेले तर घर बायकांनी भरलेलं. जीव वाचला, बस झालं. आता काय करायचंय, नातवंडं खेळव. जी येई ती हेच बोलून सफरचंद ठेवून जाई. जुबेदा छताकडे बघत ऐकत होती. बायका गेल्यावर तिनं उशाखालून कैची काढायला लावली. मांडीवर उशी, उशीवर कैची, म्हणजे भार सगळा उशीवर. नुसती उघडायची, मिटायची. कापड नाही, कागद नाही. कच्, कच्, कच्.

"काल वीस झाले. आज पंचवीस करतो," म्हणाली. घाम फुटला होता, ओठ पांढरे. पण चेहरा... दाराआडून बघणाऱ्या पोरीचा होता.

आता तुम्हाला ठाऊकच आहे, रिकामी कैची चालवली की घरात भांडण लागतं. त्यांच्यात मानतात, आमच्यातही मानतात. रशीदभाई दारातून ओरडले, "कुसुमबाई, तुम्हीच समजवा. घरात झगडा लावून राहिली. टाके तुटले तर?" आणि मी, शहाणी, उठले. तिच्या हातातून कैची काढून घेतली. तिनं धरून ठेवली नाही, तेवढी ताकदच नव्हती. मला मात्र वाटलं, ऐकलं बिचारीनं. पिशवीतली सफरचंदं काढून ठेवली आणि त्याच पिशवीत कैची घालून अमरावतीला, राजापेठेतल्या माझ्या घरी घेऊन आले. निघताना तिला म्हटलं, तीन महिन्यांनी आणून देते.

तीन महिने झाले त्या दिवशी सकाळी तिचा फोन. "कुसमे, आज येते का?" मी म्हटलं, वेचणी आहे. मग संक्रांत, मग उन्हाळा. खरं सांगू? रशीदभाईंनी गळ घातली होती, नका आणू म्हणून, आणि मलाही तिचा जीव कोटापेक्षा मोठा वाटला. तिचा जीव नेमका कशात आहे ते मी विचारलंच नाही. "काहून छळते मले?" असं ती एकदाच म्हणाली. मी म्हटलं, दुसरी घे ना. "दुसरीले माह्या हाताची सवय व्हायले वर्ष लागते. तेवढं हाये काय माह्याजवळ, तूच सांग." त्यानंतर तिनं फोनवर कैचीचं नाव काढलं नाही. भांडण लागलं ते असं. कैचीनं नाही, आम्ही लावलं.

दीड वर्षानं नेली. टिनाच्या पेटीत पावसाळा काढून पात्यांवर गंज चढला होता. तिनं मशीनचं तेल सोडलं, फडक्यानं पुसली, वर्तमानपत्र पसरलं. कैची लावली. कागद वाकडा गेला. पुन्हा लावली, पुन्हा वाकडा. मी म्हटलं, होईल हळूहळू.

"हात विसरला," ती म्हणाली. रागानं नाही, तेच तर झोंबतं. कैची चिंधीत गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवली. "तुह्यापाशीच राहू दे. तुले सवय झाली तिची."

पुढची सगळी वर्षं तिनं साड्यांना फॉल लावले. मी गेले की चहा द्यायची, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघायची आणि हसायची. मला वाटायचं, माफ केलं.

माती दिल्यावर चार दिवसांनी मी अकोल्याला गेले. शबानानं एक गाठोडं पुढे केलं. "आपके नाम का है, मौसी." आत ते राखी कापड. खडू केव्हाच उडून गेलेला, पण प्रत्येक रेघेवर पांढऱ्या दोऱ्याचे कच्चे टाके. गळा, बाही, खिसा, सगळं. दोरा जागोजागी उसवून नव्यानं घातलेला. सोबत मापाचा कागद. छातीचं माप खोडून शेजारी वाढीव माप, तेही खोडून आणखी वाढीव. कंबरेचंही तसंच. अहो, मी वर्षागणिक सुटत गेले आणि ती चहा देता देता नजरेनं माझं माप घेत होती. शेवटपर्यंत! आणि कैची इथे, माझ्या पेटीत.

धार लावून आणली आहे. कापडाला लावायची हिंमत नाही. रोज सकाळी मांडीवर उशी घेते आणि रिकामीच चालवते. कच्, कच्. हे गेले, पोरगा पुण्याला. आता घरात भांडायला आहे कोण?

तेव्हा असं करा. तुमच्यात कोणी बाई कापड कापणारी असेल, बाईच पाहिजे, तर राजापेठेत या. कापड आहे, टाके आहेत, माप तर अगदी ताजं आहे. पण लवकर या. यंदा मी पुन्हा बारीक व्हायला लागले आहे.