रघूला भाऊ नव्हता

गेल्या वर्षभरात मी एकतीस कादंबऱ्या वाचल्या आणि त्यांतल्या तीन शेजारच्या रघूच्या नावावर खपवल्या.

कादंबऱ्यांबद्दल माझं मत कोणी विचारत नाही, तरी देतो. मी साहित्यातला कोणी नव्हे. बत्तीस वर्षं खाणीवर वजनकाट्याला होतो. ट्रक वळणावर दिसला की त्यात माल किती आणि वर नुसती ताडपत्री किती, हे मी काटा हलायच्या आधी सांगायचो. पुस्तकांनाही मी तोच नियम लावतो. बहुतेकांत ताडपत्रीच जास्त असते.

साखळीपासून चार किलोमीटरवर आमचं गाव. घरात मी एकटा. बायको जाऊन तीन वर्षं झाली. मुलगी माधवी बेंगळुरूला. दर रविवारी दुपारी एक वाजता तिचा फोन येतो. आमची ही होती तेव्हा तो फोन तास-दीड तास तिच्या कानाला असायचा आणि मग शेवटी माझ्याकडे यायचा. तोवर तो इस्त्रीसारखा तापलेला. "जेवलास?" "जेवलो." "बरा आहेस?" "बरा." एवढ्यावर आम्ही बापलेक मोकळे.

ही गेल्यावर फोन थेट माझ्या हातात यायला लागला, थंडगार.

"जेवलास?"

"जेवलो."

"गोळ्या?"

"घेतल्या."

"पाऊस?"

"आहे."

"आणखी काय?"

या 'आणखी काय'ला माझ्याकडे उत्तर नसायचं. चार मिनिटांत फोन संपायचा आणि मग उरलेला रविवार. एकट्या माणसाच्या अंगणात रविवार फार लांबतो, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. मी सोमवारपासून बातमी शोधायला लागायचो. साखळीच्या बाजारात उगाच फेऱ्या मारायचो. पण ज्या बाजारातून ही तासभराच्या बातम्या आणायची, त्याच बाजारातून मी फक्त भेंडी आणायचो.

मग मी वाचायला लागलो. देवळामागे दोन कपाटांचं वाचनालय आहे. पहिलं पुस्तक हाताला लागलं ते रहस्यकथेचं. मेला असं समजलेला भाऊ तीस वर्षांनी घरी परततो आणि तो खरा की तोतया हे कोणालाच कळत नाही. (मला अकराव्या पानावर कळलं. अख्ख्या पुस्तकात तो एकटाच नोकरांना 'धन्यवाद' म्हणत होता. सरळ माणूस इतका गोड बोलत नाही.) तरी पुस्तक सोडवेना. त्याच नादात रविवारी फोन घेतला.

"आणखी काय?"

"रघूचा भाऊ आलाय," मी म्हणालो.

तोंडातून कसं गेलं ते मला कळलं नाही. कळलं म्हणजे, पान त्रेचाळीसवरून गेलं.

इथे रघूबद्दल सांगायला हवं. रघू म्हणजे रघुनाथ, माझ्याच वयाचा, निवृत्त बस ड्रायव्हर. लग्न केलं नाही. सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजला की दोन उंडे पाव घेतो, एक सकाळी चहात बुडवतो, दुसरा संध्याकाळी. याच्यापलीकडे त्याच्या आयुष्यात काही घडत नाही. आमच्या दोघांत एक कुंपण आहे, आणि चाळीस वर्षांत त्यावरून "उकडता" आणि "पावस येतलो" याशिवाय फारसं काही इकडून तिकडे गेलेलं नाही. त्याच्याकडे मोबाईल नाही, हा देवाचाच उपकार.

"रघुमामाला भाऊ आहे?" माधवीचा आवाज एकदम जागा झाला.

"होता. बोटीवर गेलेला. तीस वर्षं पत्ता नाही."

"आईने कधी सांगितलं नाही ते!"

"तिला सगळंच कुठे ठाऊक होतं," मी म्हणालो. हे मात्र धडधडीत खोटं. तिला सगळं ठाऊक असायचं.

फोन बावीस मिनिटं चालला. ठेवल्यावर मी कितीतरी वेळ तसाच बसलो, कान गरम करून.

तो भाऊ मी पाच रविवार पुरवला. एका रविवारी त्याच्या कानामागचा तीळ नाहीसा झाला, दुसऱ्या रविवारी त्याला जुनं घर ओळखता आलं नाही, शेवटी तो कोणाला न सांगता पहिल्या बसने निघून गेला. माझं प्रामाणिक मत म्हणाल तर कादंबरी पाचपैकी तीन. रघूचा भाऊ मात्र साडेचार. मी मधली वर्णनं गाळली होती.

पुढचं पुस्तक भुताटकीचं. त्यातला वाळवंटातला महाल मला गावात आणता येईना, म्हणून नुसता आवाज घेतला आणि भर दुपारी रघूच्या विहिरीत सोडला. माधवीने धसका घेतला. "बाबा, तू त्या बाजूला जाऊ नकोस." कोणीतरी मला कुठेतरी जाऊ नकोस म्हणालं, याचं इतकं बरं वाटलं की आवाज मी आणखी दोन रविवार चालू ठेवला. पुस्तक मात्र भिकार. भुताने इतकं बोलू नये. पंधरा-पंधरा ओळी बोलणाऱ्या भुताची भीती वाटत नाही, त्याला पाणी द्यावंसं वाटतं.

मग विज्ञानकथा आणली. दुसऱ्या दिवशी परत केली. रघूला मंगळावर कसा पाठवू? तो पणजीलासुद्धा आताशा जात नाही.

आणि मग ती प्रेमकथा आली. निर्मला नावाची बाई आणि एक डॉक्टर. तरुणपणी जमलेलं, घरच्यांनी मोडलेलं, आता साठी उलटल्यावर एकमेकांना पत्रं लिहितात. मी प्रेमकथा वाचणारा नव्हे. तीन ठिकाणी डोळे पुसावे लागले. (चष्म्याची काच खराब होती, असं मी वाचनालयात सांगितलं.) डॉक्टरच्या जागी ड्रायव्हर घातला, निर्मलाला धारगळची केली, आणि रविवारी सोडून दिली.

तो फोन एक तास वीस मिनिटं चालला. आणि बुधवारी पुन्हा वाजला. आमच्याकडे कोणी गेलं असल्याशिवाय बुधवारी फोन येत नाही. माझ्या हातातला आमटीचा डाव खाली पडला.

"बाबा, निर्मलाताईंचं पत्र आलं?"

आता मी रघूवर डोळा ठेवायला लागलो. खोटं नीट सांगायचं तर खऱ्यावर लक्ष हवं. त्याने दाढी केली की मी लगेच टिपून ठेवायचो. नवी चप्पल घेतली, माधवीला कळवलं. एकदा तो दारात बसून एकटाच शीळ घालत होता, तीही कळवली. चाळीस वर्षांत मी त्या माणसाकडे एवढं बघितलं नव्हतं.

घोटाळा झाला तो पान दोनशे चोवीसवर. निर्मला रघूला, म्हणजे डॉक्टरला, लिहिते की मी येते आहे, दार उघडं ठेवा. मी पान उलटलं तर पुढे पुठ्ठा! शेवटची पानं कोणीतरी फाडून नेली होती. बाई आली की नाही? दार उघडं होतं का? काही पत्ता नाही. माझ्या पदरचं काही घालायची माझी छाती होईना. रविवारी मी म्हणालो, "पत्रं थांबली."

मग माधवी म्हणाली, "मी चवथीला येते. दोन वर्षं झाली, यायचंच होतं. रघुमामाशी मीच बोलते."

मुलगी घरी येणार म्हणून मला नाचावंसं वाटलं आणि त्याच वेळी तिला येऊ नकोस म्हणावंसं वाटलं. दोन्ही एकदम होऊ शकतं.

चवथीला, म्हणजे गणपतीला, माधवी आली. करंजीसारख्या नेवऱ्या केल्या, आमच्या हिच्यासारख्याच थोड्या जास्त तळलेल्या. मी तिला रघूपासून दूर ठेवण्यासाठी सगळे उपाय केले. बाजारात पाठवली, गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीची फळं तीनदा मोजायला लावली. पण आरतीला काय करणार? आमच्या वाड्यावर सगळे मिळून घरोघर आरती करत जातात आणि शेवटचं घर रघूचं. एकट्याचा हातभर गणपती, माटोळीला दोन चिबुड आणि सुपारीचा एक घोस. वीस माणसं त्या खोलीत कोंबलेली. मडक्यासारखं घुमट वाजून वाजून थांबलं, सगळे दम खायला लागले, आणि त्या शांततेत माझी लेक रघूसमोर नवा सदरा ठेवून म्हणाली,

"रघुमामा, निर्मलाताईंचं पत्र आलं का हो?"

मी माटोळीखाली जमेल तेवढा लपलो.

रघूने तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. चढावर गाडी थांबवून ड्रायव्हर गियर बदलतो, तेवढा वेळ गेला.

"येवंक ना अजून," रघू म्हणाला.

"खंयची निर्मला?" घुमटवाला.

"फोंड्याची."

"पण ती धारगळची ना?" माधवी.

"धारगळचीच," रघू शांतपणे म्हणाला. "लग्न करून फोंड्याक दिली."

मग तो सांगायला लागला. ती रोज त्याच्या बसने जायची. डावीकडे तिसऱ्या सीटवर, खिडकीकडे. तो कधी मागे वळला नाही, ड्रायव्हरने वळायचं नसतं. पण वरच्या आरशात ती दिसायची. आरसा तो रोज तिच्यापुरता वाकवून घ्यायचा. वीस माणसं प्रसाद हातात धरून ऐकत होती. हे कादंबरीत नव्हतं. असतं तर मी पाचपैकी पाच दिले असते.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर माधवी म्हणाली, "जरा पडते, एखादं पुस्तक दे." मी 'नाहीत' म्हणेपर्यंत तिने उशाकडचं घेतलं. तेच. मी चहा टाकला. चहा उकळला, आटला, पुन्हा टाकला. आतून पानं उलटल्याचा आवाज येत होता, आधी सावकाश, मग भराभर. मग ती बाहेर आली.

"बाबा. निर्मला आहे?"

"नाही."

"रघुमामाला भाऊ आहे?"

"नाही."

"विहीर?"

"विहीर आहे," मी म्हणालो. "आवाज नाही."

ती हसेल असं मला वाटलं होतं. हसली नाही. "मी रडले होते रे त्या बाईसाठी. ऑफिसात, सगळ्यांसमोर. का केलंस असं?"

मला थाप मारता आली असती. सवय झाली होती. पण म्हणालो, "तू चार मिनिटांत फोन ठेवायचीस. तुझ्या आईकडे सांगायला गाव असायचं. माझ्याकडे काहीच नसतं ग. फोन ठेवलास की पुढच्या रविवारपर्यंत मी कोणाशी बोलत नाही."

तिने पुस्तक मिटलं. कप उचलून आत गेली आणि बराच वेळ धूत राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी बसला सोडताना तेवढं म्हणाली, "गोळ्या घे." मी घरी आलो, तर घर तिच्या येण्याआधी होतं त्याहून रिकामं.

मग मी कुंपणाशी गेलो. चाळीस वर्षांत पहिल्यांदा ओलांडूनच गेलो. रघू दारात बसला होता. मी सगळं सांगितलं, भाऊ, विहीर, निर्मला. माफी मागितली.

तो उंडो मोडत म्हणाला, "माका कोण कायच विचारना रे. त्या दिसा वीस माणसां माझ्याकडे बघीत होती."

"पण ते आरशाचं तू कुठून काढलंस?"

रघूने तुकडा चहात बुडवला. तो खाऊन झाल्यावर एवढंच विचारलं, "मगे ती इली काय ना?"

"शेवटची पानं फाटलीत," मी म्हणालो. त्याचा चेहरा इतका उतरला की पानं मीच फाडल्यासारखं मला वाटलं.

पुढच्या रविवारी साडेबारालाच रघू माझ्याकडे आला, माधवीने दिलेला सदरा घालून. आम्ही टेबलावरच्या फोनकडे बघत बसलो. एक वाजला. सव्वा वाजला. रघू म्हणाला, "उकडता." मी "हां" म्हणालो. माझा रविवार मीच माझ्या हाताने घालवला होता, आणि त्या पंधरा मिनिटांत मला आमच्या हिची जेवढी आठवण आली तेवढी वर्षश्राद्धालाही आली नव्हती. एक पंचवीसला फोन वाजला.

"बाबा, रघुमामा आहे तिथे?"

"आहे."

"त्याला दे."

रघूने फोन आधी उलटा धरला. मग सरळ झाला. "हां... हां, बोल बाय... आख्खां मेळला? मगे वाच."

माधवीने ते पुस्तक मागवून घेतलं होतं, शेवटासकट. ती वाचत होती आणि हा ऐकत होता. पन्नास मिनिटं. मध्येच म्हणायचा, "मगे?" एकदा हसला. एकदा बाहीने डोळे पुसले. (त्याला चष्मा नाही, त्यामुळे कारण द्यायचीही सोय नव्हती.) शेवटी त्याने फोन माझ्या हातात दिला. चांगला तापलेला.

"जेवलास?"

"जेवलो."

"बरा आहेस?"

"बरा."

"पुढच्या रविवारी त्याला एक वाजता बोलावून ठेव. दुसरं पुस्तक आणलंय."

फोन ठेवल्यावर मी रघूला विचारलं, "काय झालं रे? ती आली का?"

रघूने चपला घातल्या, सदरा नीट केला आणि म्हणाला, "तां माझां खाजगी."

तेव्हा माझं प्रामाणिक मत असं: कादंबरी चांगली आहे, पान दोनशे चोवीसपर्यंत. पुढचं रघूला ठाऊक आहे. तुमच्याकडे बोलला, तर तेवढं मलाही कळवा.