विसार घेतलेला माणूस

आमच्या भावोजींना सगळी गल्ली मास्तर म्हणते. शाळेतले नव्हेत, शिवणकामाचे. त्यांची एक रीत होती. गिऱ्हाइकाकडून विसार घेतला की काम पुरं झालंच पाहिजे. एकदा अंगात ताप असताना त्यांनी कोट शिवून दिला. ताई, म्हणजे माझी बहीण, कपाळावर हात मारून बसली होती. याच रितीनं पुढं त्यांचा घात केला.

शाळेच्या गणवेशांचं काम मिळणार म्हणून त्यांनी कर्ज काढून चार नवी मशीनं घेतली. काम गेलं भलत्यालाच. नवी मशीनं पडेल भावात विकली, कर्ज मात्र घरातच राहिलं. मग एकाचा हप्ता भागवायला दुसऱ्याकडून घ्या, दुसऱ्याचा भागवायला तिसऱ्याकडून. वसुलीचे फोन इतके यायचे की ताई फोन उशीखाली दडपून ठेवायची.

मी त्यांना वकीलबाईंकडे नेलं. बाई आडपडदा न ठेवता बोलल्या, "दिवाळखोरीचा अर्ज करा. नाव खराब होईल, बरीच वर्षं कोणी उभं करणार नाही. पण तगादे थांबतील आणि पोटापाण्याचं एक मशीन तुमच्याकडे राहील."

"म्हणजे दिवाळं काढू?" भावोजी एवढंच म्हणाले आणि उठले.

मग त्यांना कर्जात तडजोड करून देणारी कंपनी सापडली. काचेचं ऑफिस, गार हवा आणि जिभेवर साखर ठेवलेला साहेब. "काका, हप्ते बंद करा. ते पैसे आमच्याकडे भरा. साठले की घेणेकऱ्यांना अर्ध्यावर आणतो. कोणाला कळणारसुद्धा नाही."

"आणि नाही आणलं तर?" बाहेर आल्यावर मी विचारलं.

"असं कसं? विसार घेतलाय त्यांनी आपल्याकडून."

मला राग आला. आजही येतो. दोनदा मापल्याशिवाय कापडाला कात्री न लावणारा माणूस, कंपनीच्या कागदावर न वाचता सही करून आला होता.

वर्षभर पैसे जात राहिले. इकडे हप्ते थकले, व्याज चढलं, दंड चढला. एका घेणेकऱ्यानं कोर्टातून जप्ती आणली. कंपनी म्हणाली, प्रयत्न चालू आहेत, आणि भरलेले पैसे ही आमची फी होती. मी वकीलबाईंकडे धावलो. त्या म्हणाल्या, "अजूनही अर्ज करता येईल. खर्चाचं काय?" भावोजींकडे काही उरलं नव्हतं. माझाही खिसा फाटकाच. मी तसाच परत आलो.

जप्तीवाले आले तेव्हा भावोजी जुन्या मशीनवर कोणाच्या तरी लेकीचा झगा शिवत होते.

"एवढी बाही होऊ द्या," ते म्हणाले.

माणसं वाईट नव्हती, थांबलीही. पण थांबून थांबणार किती? भावोजींनी झगा काढून घेतला, दोरा तोडला आणि बाजूला झाले. मशीन उचलताना दाराला लागलं, तर पटकन पुढं होऊन त्यांनीच हात लावला. माझ्यानं ते बघवेना.

मग ते खाली बसले आणि हातानं टाके घालायला सुई शोधू लागले.

"राहू द्या हो आता," ताई म्हणाली. "विसार परत करू त्यांचा."

"कुठून करू? तोसुद्धा कंपनीत भरलाय."

दोरा काही सुईत जाईना. शेवटी ताईनं ओवून दिला.