चौकातली चौकट

गल्लीत तिला सगळे फ्लेक्सवाली वहिनीच म्हणत. नवरा गेल्यावर छपाईचं दुकान तिने आणि धाकट्या दिराने उचलून धरलं. ती मजकूर जुळवायची, तो खांबावर चढून फलक बांधायचा. गिऱ्हाईक पानभर मजकूर घेऊन आलं की ती कात्रीच लावायची. "गाडीवरचा माणूस थांबून वाचत नाही हो! काय मिळतं, कुठे मिळतं, बस्स. बाकीचं दुकानात आल्यावर सांगा."

चौकातली लोखंडी चौकट तिच्या मालकीची. त्या चौकटीवर चष्म्यांचं दुकान चालवणाऱ्या म्हाताऱ्याचा फलक होता. एका दुपारी पैलवान म्हणवून घेणारा गल्लीतला गुंड दुकानात शिरला. आखाड्यात कधी उतरला नव्हता, पण मारहाणीत नाव कमावलेलं. मागे चार टगे.

"तो चष्मा उतरव. तिथे माझा फोटो पाहिजे."

"खाली काय लिहू? तुम्ही विकता काय?"

"काही विकत नाही. लोकांनी बघितलं की घाबरलं पाहिजे."

"मग फलक कशाला? चेहरा पुरे की!" दीर बोलून गेला.

टगे फिसकन हसले आणि तेच भोवलं. पैलवानाने दिराची मान टेबलावर दाबली, फलकाला कड्या ठोकायची हातोडी उचलली आणि त्याच्या पंजावर घातली. एकदा, मग पुन्हा. हाडं मोडल्याचा आवाज दारापर्यंत आला.

"आता बांध म्हणावं!"

वहिनीच्या हातात फ्लेक्स कापायचं पातं होतं. तिने ते त्याच्या कानापासून हनुवटीपर्यंत ओढलं. कोऱ्या फ्लेक्सवर रक्ताची चिळकांडी उडाली. गुरासारखा ओरडत तो कोसळला; टग्यांनी त्याला फरफटत नेलं. पातं किती सहज फिरलं, याचीच तिला धडकी भरली.

पोलिसांनी तिच्यावर आणि पैलवानावर, दोघांवरही गुन्हा दाखल केला. जामिनावर सुटून ती आली, तर चौकातल्या फलकाच्या भोसकून चिंध्या केलेल्या आणि चष्मेवाला म्हातारा दारात उभा.

"काढून टाक, पोरी. मला नको ती जाहिरात."

"काका, रिकामी चौकटसुद्धा लोक वाचतात. चौक त्याचा झाला, असं वाचतील."

तिने चष्म्याचाच नवा फलक छापला. दिराची बोटं आता वळत नव्हती, म्हणून पदर खोचून स्वतःच शिडीवर चढली. समोरच्या टपरीवरून टगे टक लावून बघत होते. दीर प्लॅस्टरातला हात छातीशी धरून खाली उभा. दवाखान्यातून आल्यापासून त्याने तोंड उघडलं नव्हतं.

"वहिनी, गाठ उलटी पडतेय," तो खेकसला. "सोड ती. पुन्हा मार."