रंग न धरलेली जागा

आधी कबूल करतो. ह्या ग्रुपवर मी फक्त हसायला येत होतो. वडाखालची बाई, घाटात लिफ्ट मागणारा म्हातारा... रात्री जेवण झालं की तुमचे अनुभव बायकोला मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि दोघांनी मिळून हसायचं, हा आमचा कार्यक्रम. मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमावाला. वायर कुठं तुटली ते डोळ्यानं दिसल्याशिवाय मी काही मानत न्हाई. म्हणून आज हे लिहून राह्यलो तर माझं मलाच कसंतरी वाटतंय.

नवीन जालन्यात स्टेशन रोडला माझं लेझरचं दुकान आहे. ट्रॉफ्या, नेमप्लेट, बियाणं कंपन्यांच्या कीचेन, असली कामं. हाडाच्या दागिन्यांचं खूळ माझ्या बायकोचं, अलकाचं. म्हशीच्या हाडाचे घासून गुळगुळीत केलेले तुकडे पार्सलनं मिळतात. त्यावर मी लेझरनं नक्षी काढायची, तिनं रंग चढवून कानातले, पेंडंट बनवायचे. दुकानात पहिला तुकडा मशीनखाली घातला आणि केस जळाल्यासारखा वास सुटला, तसे वरून घरमालक शेठजी नाकाला रुमाल लावूनच खाली आले. जैन माणूस. "सतीशभाऊ, बाकी काहीपण करा, हे बिलकुल चालणार न्हाई," म्हणाले. त्यांचंही बराबर होतं. मंग एक छोटी मशीन घेतली आणि हाडाचं काम मस्तगडला घरी, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत नेलं. तिथं माझ्या मायची अट... हाडाला शिवलेले हात धुतल्याशिवाय देवाकडं फिरकायचं न्हाई. ती स्वतः तर त्या खोलीच्या उंबऱ्याशीसुद्धा कधी आली न्हाई.

आता कामाचं थोडं सांगतो, न्हाईतर पुढचं कळायचं न्हाई. हाडात मुळातच चरबी असते. ती सोड्याच्या पाण्यात उकळून काढावी लागते, तरच रंग धरतो. आणि एकदा का उकळलं की तुकडा चिमट्यानंच धरायचा. तेलकट बोट लागलं की रंगात तेवढीच जागा पांढरी राहते, बोटावरच्या रेघांसकट. आमची बाई सकाळी खोबरेल तेलानं केस चोपडणार आणि त्याच हातानं तुकडे चाचपत बसणार.

"अगं, हात धू!"

"धुतलेत हो. नळाला पाणी कधी येतं ते माहितीये ना तुम्हाला? किती वेळा धुऊ?"

"मंग चिमटा घे."

"चिमट्याला काय कळतंय? हाताला कळतं खरखरीत कुठं राह्यलं ते."

दर लॉटमध्ये एखादा तरी तुकडा तिच्या अंगठ्याच्या ठशासकट निघायचा आणि बाद व्हायचा. तो ठसा मी कुठंही ओळखला असता. लहानपणी माहेरी, पिंपळगाव रेणुकाईला, गवत कापताना विळा लागला होता तिला. उजव्या अंगठ्यावर तिरपा व्रण, आणि त्याच्या खालच्या रेघा चुरगळलेल्या.

मागच्या वर्षी अलका गेली. दुपारी कपडे वाळत घालताना डोकं दुखतंय म्हणाली आणि संध्याकाळपर्यंत खेळ खलास. मेंदूत रक्तस्राव. दहाव्याला पिंड ठेवून आम्ही नीट बाजूलासुद्धा झालो नव्हतो, की कावळा शिवला. लोक म्हणाले, सुटली बिचारी, काही इच्छा राह्यली न्हाई. सगळ्यांना बरं वाटलं. मला मात्र आतून फार लागलं ते. एवढा संसार केला आणि हिचा जीव कशातच अडकला नाही? माझ्यात न्हाई तर न्हाई, पोरीत तरी?

पुढं काही दिवस मी गच्चीवर गेलोच न्हाई. पण पुण्याची एक ताई आमचा माल घेते, तिचा फोन आला. मंग नवीन पार्सल मागवलं. मीच फोडलं, मीच सोड्यात उकळलं, हातमोजे घालून. लेझर मारलं आणि मंजिष्ठाच्या लाल पाण्यात सोडलं. दुपारी तुकडे काढून फडक्यावर मांडले. नक्षी छान उठली होती. पाठीमागून बघावं म्हणून चिमट्यानं एकेक पालथा करत गेलो, आणि एका तुकड्यावर पांढरा अंगठा.

व्रणासकट.

पहिल्यांदा वाटलं, जुना एखादा तुकडा मिसळला असेल. पण जुना माल घरात शिल्लकच नव्हता, आणि हे पार्सल तर ती गेल्यावर आल्तं. पुढच्या लॉटला खोलीला कुलूप लावलं, किल्ली खिशात. भांडी नवीन, सोडा नवीन. तुकडे दोन्ही बाजूंनी भिंगाखाली बघूनच रंगात सोडले. तरी एकावर ठसा आला. त्याच्या पुढच्या लॉटमध्येही आला.

माझी मुलगी गौरी संभाजीनगरला शिकते. ती सुट्टीला आल्ती तेव्हा काही न बोलता एक तुकडा तिच्या हातात ठेवला. तिनं उलटा केला आणि उजेडाकडं धरला.

"पप्पा, हा आईचा हाय ना?"

मी मान हलवली. कधी केलेला, कोणत्या पार्सलचा, तिनं काहीच विचारलं न्हाई. स्वतःचा अंगठा त्या पांढऱ्यावर टेकवला तिनं. "एवढा छोटा होता आईचा अंगठा?" म्हणाली आणि रडायला लागली. मीपण रडलो. अलकाला अग्नी दिल्यापासून पहिल्यांदा.

त्यानंतर मी कारण शोधायचं सोडून दिलं. डिप्लोमा गेला खड्ड्यात. मी वाटच बघायला लागलो. ऑर्डर असो-नसो, लॉट लावायचा आणि पालथे करत बसायचं. ठशाचे तुकडे विकले न्हाईत, एका डबीत कापसात ठेवले. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात यायला लागली. ठसा दर खेपेला थोडा फिका होत होता. कडेनं रंग आत सरकत होता, तेल कमी पडल्यासारखा... मंग मला काय सुचलं ते सांगायची लाज वाटते. उकळलेल्या तुकड्यांशेजारी मी खोबरेल तेलाची वाटी भरून ठेवायला लागलो.

एका दुपारी मी फोन उचलेना म्हणून माय जेवायला बोलवायला वर आली. गुडघे धरत, जिन्याला शिव्या देत. दारातूनच तिला वाटी दिसली.

"तेल कशाला रे इथं?"

मी सगळं सांगितलं. डबी उघडून दाखवली. मला वाटलं, आता मायचं सुरू होईल, अंगारा आण, कुणाला तरी विचार. तिनं तसलं काही केलं न्हाई. ती आत आली. जिनं हाडाला शिवलेल्या माझ्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं, तिनं डबीतला एक तुकडा उचलून डोळ्याला लावला. मंग खाली ठेवला आणि माझ्याकडं बघितलं.

"मेल्यावर बी कामालाच लावलंस का रे तिला, सत्या?"

एवढंच बोलली आणि खाली गेली.

मला जेवण गेलं न्हाई. मी वर तसाच बसून राह्यलो. अलका गच्चीवर उन्हात पत्र्याखाली घामाघूम होऊन रंगाच्या पाण्यात वाकलेली असायची, पाठ दुखली तरी उठायची न्हाई, ते सगळं समोर यायला लागलं. वाटी उचलली, तेल परत बाटलीत ओतलं. आणि रिकाम्या खोलीत मोठ्यानं बोललो, "अलका, राहू दे आता. मी करून घेतो." मला ती जायला नकोच होती. अजूनही नको आहे.

त्याच्यानंतरच्या लॉटमध्ये ठसा आला न्हाई. त्याच्या पुढच्यातही न्हाई. पुण्याच्या ताईचा फोन आला, "दादा, या वेळेस फिनिशिंग एकदम मस्त, एकही पीस कमी नाही." मी थँक्यू म्हणलो आणि फोन ठेवून दिला.

तुमच्यापैकी कुणी केमिस्ट्रीवाला असेल तर जरूर सांगा, मी ऐकून घेईन. मलातर अजून काहीच कळलेलं न्हाई. फक्त हात तुझाच होता का, हे तिला एकदा विचारायला पाहिजे होतं. मी ते विचारायचं सोडून राहू दे म्हणलो. अख्ख्या संसारात हात धू म्हणून ओरडून ओरडून घसा बसला माझा, कधी म्हणून ऐकलं न्हाई तिनं. आणि हे मात्र एका सांगण्यात ऐकलं.