हारुकोच्या गावची माती

मलकापूरला आमच्या शेजारी राहणारी हारुको आमच्या शेतात आली की आधी चप्पल काढायची. नांगरलेल्या रानात अनवाणी चालायची, ढेकूळ फोडून वास घ्यायची. "वैनी, ह्या मातीत हात घालताय आन् त्याच हातानं भाकरी खाताय. लय नशीबवान हाय तुमी." हे ठसक्याचं मराठी तिला सासूनं शिकवलेलं. जपानात नोकरीला गेलेल्या दिनकररावांशी लग्न करून ती इथे आली होती.

ती इथे रुळली आणि काही वर्षांनी तिकडे भूकंपापाठोपाठ अणुभट्टीचा अपघात झाला. तिचं माहेर त्या भट्टीजवळच्याच खेड्यातलं. लोकांना नेसत्या कपड्यांनिशी हलवलं. लगेच परत येऊ म्हणून निघालेल्या तिच्या वडिलांनी जाताना गोठ्यातल्या गायींची दावी तेवढी सोडली. मग गावाला कुलूप लागलं ते वर्षानुवर्षं. रानातली अळंबी खायची बंदी झाली, जमिनीचा वरचा थर खरवडून काळ्या पिशव्यांत भरला गेला. भाच्याच्या गळ्यातल्या ग्रंथीची तपासणी असली, की निकाल येईपर्यंत हिच्या घशाखाली घास उतरत नसे.

वडील निर्वासितांच्या खोलीतच वारले. इथे हारुकोला भेटायला आलेल्या बायकांपैकी कुणीतरी हळूच विचारलं, "कॅन्सर का?"

"न्हाई," ती म्हणाली. "किरणांनी न्हाई मेला माझा बाप. घराच्या वढीनं मेला."

पुढे त्या गावात राहायला परवानगी मिळाली. म्हातारी आई एकटीच परतायला निघाली. दिनकरराव तोवर वारले होते. हारुकोनं बॅग भरली, तेव्हा मी चिडलेच.

"अगं, तिथं खाशील काय, पिशील काय? जिवावर उदार झालीस का?"

"तपासलेलंच खाईन. पर आईला तिथंच डोळं मिटायचंत, वैनी. एकटी कशी सोडू?"

गेली. अधूनमधून फोन येतो. गावात मोजकी म्हातारी माणसं परतलीत, ओस घरांतून रानडुकरं फिरतात, शाळा बंदच आहे. परवा बोलता बोलता ती म्हणाली, "वैनी, फोन जरा खिडकीभायेर धरता?"

गल्लीत पोरं क्रिकेटवरून भांडत होती. मी फोन बाहेर धरला. हात अवघडेपर्यंत धरला. मग पुन्हा कानाला लावला.

"रडी खेळतोय त्यो," ती म्हणाली. "आउटच हाय."