भाऊजींनी बुजवलेलं दार

तिसऱ्या बाकापाशी भाऊजी थांबले आणि दम लागलेला लपवायला झाडं बघू लागले. झाडांकडे या माणसानं जन्मात कधी बघितलं नव्हतं. मी उभीच राहिले. या वाटेवर मी अकरा वर्षं रोज चालते. भाऊजी त्या दिवशी पहिल्यांदा आले होते, तेही "चल, जरा पाय मोकळे करू" म्हणून मला बोलावून. काहीतरी काम असणार हे तेव्हाच कळलं.

"चालण्यासारखा व्यायाम नाही बघ," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणतात, साखर पार खाली येईल."

"हो का?"

"आणि नुसती तब्येत नाही. अशा वाटेनं धंदा वाढतो. माणसं थांबतात, चहा घेतात, काहीबाही विकत घेतात. तुम्हा बायकांना त्यातलं कळायचं नाही."

हे ज्ञान कोण देतंय, ते आधी सांगायला हवं.

भाऊजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. सायकल दुरुस्तीचं दुकान चालवतात. सगळी वस्ती त्यांना पंपशेठ म्हणते, कारण हवा भरायचा पंप ते साखळीनं बांधून कुलूप घालून ठेवतात. शाळेतल्या मुलीनं हवा मागितली तर विचारायचे, "पंक्चर काढायचंय? नाही? मग पुढं हो." हाताला कसब नाही असं मी म्हणणार नाही. वाकडं झालेलं चाक नुसतं बोटानं चाचपून सरळ करतात. देवानं हात चांगले दिले, मन द्यायच्या वेळी बहुतेक भाऊजी रांगेतून निघून गेले.

दुकानाला दोन दारं होती. पुढचं मोठ्या रस्त्यावर, मागचं जुन्या रेल्वे लाईनीवर. गाड्या कधीच्या बंद झाल्या होत्या, रूळही काढून नेले होते. लग्न होऊन आले तेव्हा त्या मागच्या दारात बसून आम्ही दोघी जावा भाजी निवडायचो. पुढे पालिकेनं ठरवलं, लाईनीच्या जागी चालायला आणि सायकलींना वाट करायची. दोन्ही बाजूंना कठडा येणार, पण ज्यांची दारं तिकडे उघडतात त्यांच्यासमोर तो मोकळा ठेवणार. कचेरीतला माणूस कागद घेऊन घरोघर आला. न्हाव्यानं लिहून दिलं, शिंपिणीनं लिहून दिलं. भाऊजींनी लिहून दिलं, "मागे दार नाही." आणि त्याच आठवड्यात विटा मागवल्या.

"दादा, दुकान सायकलींचं आणि सायकलींच्याच वाटेकडे पाठ?" आमचे हे म्हणाले.

"सहा महिन्यांत गवत उगवेल तिथं. दार ठेवलं तर दिवसभर फुकटे येतील हवा भरायला. तू विटा उचल, अक्कल शिकवू नकोस."

यांचं हृदय अशक्त. जड उचलायला डॉक्टरांची सक्त मनाई. पण भावाचा शब्द मोडायची सवयच नव्हती. यांनी विटा उचलल्या. जाऊबाई आत डोळे पुसत होत्या आणि भाऊजी खुर्चीवर बसून गवंड्याला सांगत होते, "सांधे नीट भर, उजेडसुद्धा यायला नको."

गवत काही उगवलं नाही. सकाळी दवाखान्यातल्या नर्सबाई सायकलींवरून जाऊ लागल्या, संध्याकाळी अख्खी कुटुंबं. न्हाव्यानं आरसा फिरवून मागच्या दाराकडे लावला, आता त्याच्याकडे तीन खुर्च्या आहेत. शिंपीण सायकलीच्या पिशव्या शिवते, तिला मान वर करायला फुरसत नाही. यांना डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. पहिल्या दिवशी एका बाकापर्यंत गेले, वर्षअखेरीस सातव्यापर्यंत. दोन वर्षं काढतील म्हणाले होते, सात काढली. मी ती देवाची कृपा मानते. ती या वाटेवरून आली, एवढंच.

भाऊजी मात्र भिंतीच्या आत, दिवसा दिवा लावून बसतात. मोठ्या रस्त्यावर आता सायकल औषधालाही दिसत नाही. पंक्चर झालेली माणसं त्यांच्या भिंतीलगत सायकल ढकलत पुढच्या वळणावरच्या मेकॅनिककडे जातात. "दिवसभर घंट्या ऐकतात आणि भिंतीला शिव्या घालतात," जाऊबाई सांगतात. "जशी काही भिंत आपल्या पायांनी चालत आली."

चौथ्या बाकानंतर भाऊजी मूळ मुद्द्यावर आले. मागचं दार उघडलं नाही तर दुकानाला सरळ कुलूपच. नवं दार कोणालाच मिळत नाही. जुनं दार कागदावर यायचं राहून गेलं असेल तर चौकशी करून परवानगी देतात. चौकशीला सोमवारी साहेब येणार होते.

"मग खरं सांगा," मी म्हटलं. "दार होतं, मी नाही म्हणालो, चुकलो."

"वेडी आहेस का? खोटं लिहून देणाऱ्याला कोण दार देईल?"

एक म्हातारे गृहस्थ सायकलवरून पुढे गेले. "मागच्या चाकात हवा कमी आहे," भाऊजी आपोआप पुटपुटले. क्षणभर मला त्यांची दया आली. अगदी क्षणभरच.

सातव्या बाकावर ते धपकन बसले. हे बसायचे नेमके त्या कोपऱ्यात. घाम पुसला, इकडेतिकडे बघितलं आणि आवाज एकदम मऊ केला.

"हे बघ, तू देवाधर्माची बाई. तुझा शब्द कोणी खोटा मानत नाही. साहेबांना एवढंच सांग की तो कागद धाकट्यानं भरला आणि दारही त्यानंच बुजवलं. आजारी होता, डोकं ठिकाणावर नव्हतं म्हण. तो काय आता भांडायला येणार आहे? आणि अगदीच खोटं कुठाय गं ते? विटा त्यानंच उचलल्या होत्या की. तेवढं सांग."