बु विनारसी आणि रिठ्यात न्हालेली नळी

सोलो शहरातल्या आमच्या गल्लीत बातमी आधी बु तुमिनाहच्या तोंडून निघते, घडायची ती मागाहून. (आमच्याकडं बाईला 'बु', बाप्याला 'पाक' आणि पोरगेल्या पुरुषाला 'मास' म्हणतात.) टोफूच्या गाडीपाशी जमलेल्या बायकांत तिनंच फोडलं, की बु विनारसीला म्हातारपणी व्हेपचं व्यसन लागलंय.

"ह्या डोळ्यांनी पाहिलं! मागल्या दारी उकिडवी बसली होती. नवऱ्याचं यंत्र तोंडाला, गाल असे टम्म, आणि घरभर आंब्याचा वास!"

दुपारपर्यंत बाईनं भात रांधायचंही सोडलं, इथवर मजल गेली. संध्याकाळी उलगडा झाला. गाल फुगले होते हे खरं, पण ते धूर ओढल्यानं नव्हे. बाई नळीत फुंकर मारत होती. जन्म गेला बाटिकमध्ये. मेणाच्या लेखणीची तांब्याची चोच तुंबली की फुंकर मारायची, हे तिच्या हाडीमाशी मुरलेलं. नवऱ्याच्या व्हेपची नळी तुंबली, तेव्हा तिनं तीच विद्या तिथं चालवली. नळी मोकळी झाली नाही ती नाहीच, वर यंत्रातला आंब्याच्या वासाचा चिकट रस हनुवटीवरून ओघळला.

आता या वयात तिला हा उपद्व्याप का सुचला? तर नवऱ्यासाठी. पाक सारजितो म्हणजे लवंगेच्या सिगारेटचा जुना भक्त. बायको कापडावर मेणानं नक्षी काढायची आणि हा शेजारच्या चौरंगावर बसून गप्पा हाणायचा. एकदा सिगारेट तडतडली आणि ठिणगी थेट एका नवरीच्या शालूवर पडली. त्यावरचा अख्खा मोर जळाला. त्या दिवशी बु विनारसीनं आवाज चढवला नाही, नुसता चौरंग उचलून अंगणात शेळीजवळ नेऊन ठेवला.

शेळी काही गप्पांना हुंकार देईना. कंटाळून पाक सारजितोनं सिगारेट सोडली, व्हेप घेतलं आणि चौरंगासकट घरात परतला. पण गडी असा आळशी, की यंत्राला घेतल्यापासून पाणी दाखवलं नव्हतं. त्याला जळक्या फडक्याची चव यायला लागली. "याच्यापेक्षा माझी सिगारेट बरी होती," तो रोज कुरकुरायचा. रविवारी गल्लीसफाई होती. तिथं शेजारचा पाक गियोनो सिगारेटचं पाकीट पुढं करणार आणि आपला नवरा पुन्हा शेळीजवळ जाणार, ही धास्ती बाईनं घेतली.

म्हणून फुंकरीनं भागेना तेव्हा तिनं यंत्र उघडलं. बॅटरीचा भाग तेवढा शहाणपणानं बाजूला ठेवला. बाकी काच, तोटी, रबरी कडी आणि आतली कापूस गुंडाळलेली तार, सगळं रिठ्याच्या फेसात भिजत घातलं. रिठ्यानं बाटिकचा रंग जात नाही, म्हणून या घरात कापडापासून कानातल्यांपर्यंत सगळं रिठ्यातच न्हातं. मग रीतीप्रमाणं सावलीत वाळवलं आणि पुन्हा जोडलं.

पाक सारजितोनं मोठ्या ऐटीत झुरका घेतला. आतून खळखळ आवाज आला आणि मिशांवर फेस चढला.

"बु! मला धुवायला काढलंस की काय?"

"थोडं थांबा, पाक, निवळेल."

"निवळेल तेव्हा निवळेल. मी गियोनोकडं चाललो. त्याच्या सिगारेटला आंघोळ तरी लागत नाही!"

तो गेला. बु विनारसी पुन्हा मेणापाशी बसली, पण नक्षीतल्या पानाचं टोक काही सरळ येईना. घरात एवढी शांतता तिच्या सवयीची नव्हती. शेवटी लेखणी खाली ठेवून तिनं कोपऱ्यावरचं व्हेपचं दुकान गाठलं. दुकानदार मास प्रास यानं यंत्र उघडून हुंगलं आणि कपाळाला हात लावला.

"बु, कापूस धुतलात?"

"मग? धडधाकट कापूस फेकून देऊ?"

"फेकायचाच असतो तो! कापडावरचं मेण तुम्ही शेवटी उकळून काढताच ना? की राहू दे म्हणता, छान आहे म्हणून?"

हे बरोबर डोक्यात शिरलं. मग त्यानं तिच्यासमोर सगळं करून दाखवलं. काच आणि तोटी नुसत्या गरम पाण्यात धुवायच्या, कडी हरवायची नाहीत. कापूस काढून तार लाल होईतो तापवायची आणि गार झाल्यावर ब्रशनं काजळी झाडायची. नवा कापूस सैलसर भरायचा, उशीसारखा कोंबायचा नाही. बॅटरीला पाणी दाखवायचं नाही, फक्त कोरड्या फडक्यानं पुसायचं. घरी जाऊन बाईनं सगळं पुन्हा केलं. एक कडं तेवढं कोंबडीच्या चोचीतून सोडवावं लागलं.

रविवारी सगळे पुरुष गाळ उपसायला गटारात उभे होते. पाक गियोनोनं पाक सारजितोच्या ओठांत सिगारेट खोचून लायटर पेटवलाही होता. तेवढ्यात बु विनारसी तळलेल्या केळ्यांचं ताट घेऊन आली. ताट एकाच्या हाती दिलं आणि यंत्र नवऱ्याच्या तळहातावर ठेवलं.

"ओढून बघा, पाक. फेस आला तर खुशाल ही पेटवा. मी एक शब्द बोलणार नाही."

फावडी थांबली. पाक सारजितोनं ओठांतली सिगारेट काढली आणि भीत भीत झुरका घेतला. खळखळ नाही, जळका वास नाही. पांढरा ढग गटारावर तरंगत गेला.

"आंबा," तो म्हणाला आणि सिगारेट गियोनोच्या हातात परत दिली.

"बायकोचा गुलाम!" गियोनो करवादला.

"गुलामाला बसायला चौरंग मिळतो. तुला काय मिळतं, सांग?"

दुपारी बु विनारसीच्या घरातून पाक सारजितोचा आवाज गल्लीभर ऐकू येत होता. गटारात सापडलेल्या फाटक्या चपलेची त्यानं गप्पांच्या भरात एव्हाना सुसर केली होती. तशात बु तुमिनाह दारात आली. हातातल्या रुमालात तिच्या नवऱ्याचं कळकट व्हेप.

"अगं, आता तुला जमतंच आहे, तर आमच्या ह्यांचंही धुऊन दे ना."

बु विनारसीनं मेणावरची नजर उचलली नाही. म्हणाली, "नवरा जवळ बसावा असं वाटत असेल, तर तूच धू. मला एकाच नवऱ्याची बडबड पुरते."